भाव पडेपर्यंत

वीरभद्रप्पांनी आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्यांदा सांगितलेल्या भावाला घेतली नाही. अपवाद फक्त हवेचा, आणि तोही ती फुकट मिळते म्हणून.

बाळीवेशीत त्यांचं घर आणि मार्केट यार्डात आडतीचं दुकान. शेतकऱ्याची तूर, हरभरा, ज्वारी व्यापाऱ्याला विकून द्यायची आणि मधल्या मध्ये आपली अडत कापून घ्यायची, हा पिढीजात धंदा. आता दुकान मुलगा मंजुनाथ बघतो. आप्पा घरी असतात, म्हणजे घरी नसतात. सकाळी कपाळावर विभूती लावून, खांद्यावर उपरणं टाकून ते बाहेर पडतात, ज्या वस्तूची घरात काडीची गरज नाही तिचा भाव चार दुकानांत विचारतात आणि जेवायला परत येतात. दुकानदार वैतागतात. आप्पांचं म्हणणं एकच, "भाव विचारायला पैसे पडतात का बे?"

मुलीच्या लग्नात त्यांनी बँडवाल्याला इतका घासला की लग्नाच्या दिवशी सनई आली, ताशा आला, ढोल आलाच नाही. विचारलं तर बँडवाला म्हणाला, "एवढ्या पैशात एवढंच बसतं, आप्पा." वडील लिंगैक्य झाले तेव्हा तर आप्पांनी समाधीचा खड्डा खणणाऱ्यालाही सोडलं नाही. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. डोळे पुसत पुसत आप्पा त्याला म्हणाले, "बसवायचंय रे त्यांना, झोपवायचं न्हाय. लांबी वाचते की तुझी!" खणणारा तितकाच मुरलेला. तो म्हणाला, "लांबी वाचते आप्पा, पण खोली वाढते." सौदा बरोबरीत सुटला. आप्पांना त्याची हळहळ आजही आहे.

अशा माणसाशी रुद्राणीने संसार केला. ती कानडी सीमेवरच्या मैंदर्गीची. देवाशी कानडीत बोलते, नवऱ्याशी मराठीत, आणि दोघंही ऐकत नाहीत असं तिचं मत आहे. त्या घरात तिच्या एकटीच्या मालकीची एकच गोष्ट होती, ती म्हणजे सकाळचा अर्धा तास. अंघोळ झाली की ती देवघरात पाटावर बसायची, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायची, हात डोळ्यांच्या रेषेत धरायची आणि बघत राहायची. पाठ एकदम ताठ. भिंतीला टेकायचं नाही, असं तिला लहानपणी गुरूंनी सांगितलेलं. त्या अर्ध्या तासात दूधवाला येवो, नातू रडो, नाहीतर आप्पांचा चष्मा हरवो, तिला कोणी हाक मारत नसे. बाकीचे साडेतेवीस तास घराचे होते.

पासष्टी ओलांडल्यावर एकदा अंगणात सडा टाकताना तिचा पाय घसरला. पडली म्हणावं असं पडलीही नाही, नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. प्लास्टर घालणारा डॉक्टर म्हणाला, "मावशी, एवढ्यानं मनगट मोडत नसतं. हाडांची घनता तपासून घ्या." तपासली. आकडा उणे आला. एका मशिनखाली झोपवून माणसाच्या हाडांचा आकडा काढतात, याचं आप्पांना नवल वाटलं नाही. पण तो उणे आला, याचा त्यांना राग आला. उणे म्हणजे तोटा, आणि तोटा हा शब्द त्यांच्या घरात शिवीसारखा होता.

मग आप्पांनी बाजार फिरायला घेतला. तुरीचा भाव काढायला फिरतात तसे ते रुद्राणीचा रिपोर्ट पिशवीत घालून डॉक्टर फिरले. आजार एक, बाई एक, आकडा एक, आणि चार डॉक्टरांच्या चार तऱ्हा. एकाने महिन्याला एक गोळी लिहिली. दुसऱ्याने वर्षाला एक सलाईन सांगितलं. तिसऱ्याने रोज पोटात टोचून घ्यायचं पेन दाखवलं. त्याची किंमत ऐकून आप्पा पाणी मागून प्यायले आणि पाण्याचे पैसे नाहीत ना, याची खात्री करून बाहेर पडले. त्याच डॉक्टरने वर कॅल्शियमच्या गोळ्याही लिहिल्या होत्या. डब्यावर शिंपल्याचं चित्र होतं. रुद्राणीने डबा फिरवून बघितला.

"हे काय शिंपल्याचं असतं?"

"शिंपल्याचा चुना," आप्पा म्हणाले.

"शिंपल्यात जीव असतो की. जन्मभर अंडं शिवलं नाही, आता म्हातारपणी शिंपले खाऊ?" डबा परत गेला. आप्पांनी दुकानदाराकडून पूर्ण पैसे वसूल केले आणि रिक्षाचं भाडंही मागून बघितलं.

चौथे होते टिळक चौकाजवळचे म्हातारे मानसिंग डॉक्टर, घराचे जुने डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यातला पंखा आवाज करतो आणि डॉक्टर करत नाहीत. त्यांनी रिपोर्ट बघितला, रुद्राणीचे दात कसे आहेत विचारलं, पोटात जळजळ होते का विचारलं, मूत्रपिंडाची एक तपासणी करून घेतली आणि आठवड्याला एक गोळी लिहून दिली.

"सोमवारी घ्या नाहीतर गुरुवारी, पण वार बदलू नका. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही. आणि गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ताठ बसायचं."

"मी बसतेच की," रुद्राणी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की पूजेआधी ती पाण्याचा थेंबही घेत नाही. तिने मठात जाऊन स्वामींना विचारलं. स्वामी म्हणाले, औषधाच्या पाण्याला दोष नाही. झालं. सोमवारी गोळी, त्यावर पेलाभर पाणी, मग अर्धा तास पूजा. औषधाचा नियम आणि देवाचा नियम इतका नीट जुळला की रुद्राणीला वाटलं, गोळी बनवणारा नक्की कुणीतरी लिंगायत असणार.

वर्षभर ती गोळी चालली. महिनाभराच्या गोळ्यांना दोन वेळच्या भाजीइतके पैसे लागायचे. कुठला नवरा खूश झाला नसता? वीरभद्रप्पा झाले नाहीत. त्यांना त्या गोळीत मजा नव्हती. तिच्यात घासाघीस करायला जागाच नव्हती. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या बसूला ते दर महिन्याला विचारायचे, "काही कमी?" आणि बसू म्हणायचा, "आप्पा, आता ह्यात काय कमी करू? हिच्यापेक्षा माझी पिशवी महाग हाय." ज्या सौद्यात समोरचा एक पैसा खाली येत नाही, त्या सौद्यातून उठून जावं, असं आप्पांच्या वडिलांनी शिकवलं होतं. गोळी स्वस्त होती, पण ती स्वस्त *करून घेतलेली* नव्हती.

अशात एक दिवस कल्लप्पा भेटला. कल्लप्पा त्यांचा यार्डातला जुना सोबती, शेजारच्या आडतीचा मालक. दोघं आयुष्यभर एकमेकांना फसवत आले आणि त्यातून घट्ट मैत्री झाली.

"आमच्या हिलाबी हाडाचं सुरू केलंय," कल्लप्पा म्हणाला. "सहा महिन्याला एक सुई. दंडात न्हाईतर पोटावर टोचायची, झालं काम. छापील किंमत बघशील तर घेरी यील तुला."

"मग घेतलीस कशाला बे?"

"निम्म्यात मिळाली." कल्लप्पाने तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात घेतली. "निम्म्याच्याही खाली."

त्या दिवशी जेवताना आप्पांच्या डोक्यात एकच हिशोब होता. कल्लप्पाने निम्म्यात मिळवली. आपण? आपण छापील भावाने गोळ्या घेतोय, छापील! शेजाऱ्याच्या बैलजोडीची असूया वाटावी तशी त्यांना कल्लप्पाच्या बायकोच्या इंजेक्शनची वाटली.

दुसऱ्या आठवड्यात ते रुद्राणीला घेऊन होटगी रोडवरच्या अभिमन्यू डॉक्टरांकडे गेले. तरुण डॉक्टर, थंडगार खोली. टेबलावर पाठीच्या कण्याचा प्लास्टिकचा मणका, भिंतीवर कॅलेंडर, डॉक्टरांच्या खिशाला पेन, आणि मणका, कॅलेंडर, पेन या तिन्हींवर एकाच इंजेक्शनचं नाव. आप्पांनी आयुष्यभर आडत केलेली, त्यांना काय कळायला वेळ लागतो?

"डॉक्टर," ते हसत म्हणाले, "ह्याच्यावर अडत किती?"

डॉक्टरही हसले. "काका, आमच्याकडे तसलं काही नसतं."

आप्पांनी मान डोलावली. शेतकऱ्यांना आम्हीही हेच सांगायचो, असं त्यांच्या मनात आलं. पण डॉक्टरांवरचा त्यांचा विश्वास त्यामुळे कमी झाला नाही. उलट वाढला. हा माणूस आपल्यातलाच आहे, याच्याशी जमेल, असं त्यांना वाटलं.

"हिला ती सहा महिन्याची सुई द्या," आप्पा म्हणाले.

पेशंटने स्वतःहून महागडं औषध मागणं हा डॉक्टरांच्या दृष्टीने शुभशकुन होता. त्यांनी रिपोर्टवरून नजर फिरवली. गोळीने फायदा झालाय की नाही हे त्यांनी विचारलं नाही, रुद्राणीनेही सांगितलं नाही, कारण तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं. "चांगला निर्णय," डॉक्टर म्हणाले. "गोळीबिळी आता जुनी झाली. दर सहा महिन्यांनी घ्यायचं. डिले करायचं नाही हं." हे शेवटचं वाक्य म्हणेपर्यंत त्यांनी पुढच्या पेशंटचा एक्स-रे उजेडावर धरलेला होता.

चिठ्ठी घेऊन आप्पा बसूच्या दुकानात आले. बसूने फ्रिजमधून डबी काढली. आप्पांनी छापील किंमत वाचली आणि त्यांना घेरी आली नाही. डोळ्यांत चमक आली. इतकी मोठी किंमत! तिच्यात उतरायला केवढी जागा! त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, बसूच्या हातावर पसरलं आणि खाली त्याची बोटं धरली. जुन्या बाजारात असाच भाव व्हायचा. रुमालाखाली बोटं दाबायची, तोंडाने अवाक्षर नाही, बघणाऱ्याला पत्ता नाही. बसू बावरला.

"आप्पा, हे काय? हात सोडा, गिऱ्हाईक बघतंय."

"बोटं मोज बे."

"मला न्हाय येत ते. चाळीस टक्के कमी करतो, हात सोडा."

भावाबद्दल तोंड उघडायच्या आत चाळीस टक्के! आप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी हात सोडला आणि तोंड उघडलं. अर्ध्या तासाने ते निम्म्याच्या खाली आले होते, वर बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा आणि गुडघ्याला चोळायची एक बाटली फुकट. ज्या वस्तूवर दुकानदार हसत हसत निम्मी सूट देतो, तिची छापील किंमत कुणी आणि कशासाठी छापली असेल, हा प्रश्न एका आडत्याला पडायला हवा होता. पण जिंकलेला माणूस हिशोब तपासत नाही.

"आज मी हजारो रुपये कमावले," घरी येऊन ते म्हणाले.

"खर्च केले की कमावले?" रुद्राणीने विचारलं.

"छापील किमतीतनं वजा कर, मग कळंल."

"मग दोन आणायच्या होत्या. दुप्पट कमाई झाली असती."

सून श्रीदेवी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. गोळ्यांची उरलेली पट्टी रुद्राणीने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिली. सोमवारी पूजेला बसताना तिला पेलाभर पाण्याची आठवण यायची, एवढंच.

पहिलं इंजेक्शन झालं. सहा महिन्यांनी दुसरं झालं. प्रत्येक वेळी आप्पांनी बसूला थोडं आणखी खाली ओढलं. तिसऱ्याची तारीख जवळ आली तेव्हा बसू डबी पुसता पुसता सहज म्हणाला, "आप्पा, अजून दोन-तीन कंपन्या हेच औषध घेऊन उतरल्यात. लवकरच भाव कोसळणार."

बसूने गप्पांच्या ओघात सांगितलं. पण आप्पांच्या नाकात ते आषाढातल्या वाऱ्यासारखं शिरलं. पडता बाजार! पडत्या बाजारात घाईने खरेदी करणाऱ्याला यार्डात काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. आप्पांनी डबी हातात घेतली, वजन बघितल्यासारखी उचलून धरली आणि परत ठेवली. "राहू दे. भाव पडू दे."

घरी रुद्राणी म्हणाली, "अहो, तारीख झाली की."

"हाडं कुठं पळून चाललीत का? एक महिना थांब."

दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला. "काका, मावशींचं इंजेक्शन ड्यू आहे." आप्पांनी फोन ठेवला आणि घरच्यांना धडा दिला, "जो स्वतःहून बोलावतो तो गरजू असतो. त्याच्याकडं कधी लगेच जायचं न्हाय." आठवड्याने परत फोन आला, तेव्हा त्यांची खात्रीच पटली की तिकडे माल पडून आहे.

श्रीदेवीने मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि भीत भीत सांगितलं, "मामा, हे इंजेक्शन मध्येच थांबवायचं नसतं म्हणे. थांबवलं तर हाडं उलट जोरात ठिसूळ होतात."

"कुणी लिहिलंय?"

"डॉक्टर लोकांनीच लिहिलंय."

"विकणारे तेच, लिहिणारे तेच. आम्हीपण पाटीवर लिहायचो की, आज घ्या, उद्या भाव चढेल."

महिनाभरात भाव खरोखर पडला. कल्लप्पाने लगेच बायकोला टोचून घेतलं. आप्पा थांबले. पुढच्या महिन्यात भाव आणखी पडला. आप्पा मुद्दाम उठून कल्लप्पाच्या घरी गेले.

"फसलास की बे! आता अजून खाली आलाय."

"बायकोचं औषध हाय, वीरू. तूर न्हाय."

"तूर असो न्हाईतर सुई, तळ बघून घ्यायची."

तळ कुठे असतो, हे बाजारात कुणालाच आधी कळत नाही. तो गेल्यावर कळतो. हे आप्पांना धंद्यात माहीत होतं. एका साली त्यांनी हरभरा असाच धरून ठेवला होता आणि शेवटी किड्यांनी खाल्ला होता. पण त्या सालाबद्दल त्यांच्या घरात बोलत नसत.

रुद्राणीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिलाही सुईची हौस नव्हती, आणि एकेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या सौद्यात बोलून कधी काही झालं नव्हतं. मधेच एकदा ती म्हणाली, "पाठीत बारीक कळ येते." आप्पा म्हणाले, "गॅस असंल. ओवा खा." तिने ओवा खाल्ला.

चौथ्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी ती देवघरात गेली. पाट भिंतीकडे सरकलेला होता. तो ओढायला ती वाकली आणि तशीच राहिली. ओरडली नाही. "अय्यो" एवढंच म्हणाली, पण इतक्या हळू की श्रीदेवी दाराशी आली ती केवळ योगायोगाने. रुद्राणी पाटाची कड धरून अर्धी वाकलेली, वर येता येत नाही, खाली बसता येत नाही. तिला गादीवर न्यायला मंजुनाथला दुकानातून बोलवावं लागलं. गळ्यातलं लिंग गळ्यातच राहिलं.

अभिमन्यू डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. या वेळी तो रुद्राणीचाच होता आणि ते त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. पाठीचे तीन मणके दबले होते, वरून कुणीतरी बसल्यासारखे.

"शेवटचं इंजेक्शन कधी झालं?"

आप्पांनी सांगितलं.

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "काका, तारीख होऊन किती महिने गेलेत! हे औषध मध्येच सोडायचं नसतं. त्याचा अंमल उतरला की दाबून ठेवलेली झीज एकदम उसळते. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"काय सांगितलं होतं?"

"डिले करू नका म्हणून."

"डॉक्टर, डिले करू नका असं कोण म्हणत न्हाय? विमावाला म्हणतो, प्लॉटवाला म्हणतो, टीव्हीवर मिक्सर विकणारी बाई म्हणते." आप्पांचा आवाज चढला होता. "पाठ मोडंल, असं म्हणाला होता का तुमी?"

 डॉक्टरांनी पेन उचललं, त्याच्यावरचं नाव दिसताच परत ठेवलं.

"आणि ती गोळी? ती जर अशी चार महिने राहून गेली असती तर?"

"गोळीचं तसं नाही," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "ती हाडात मुरून राहते. थोडी मागेपुढे झाली तर लगेच एवढं होत नाही."

"मग गोळीच का न्हाय ठेवली?"

"इंजेक्शन तुम्ही मागितलंत, काका."

 आप्पांना आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने खरा भाव सांगितला होता आणि त्यात कमी करायला काही नव्हतं. बाहेर बाकावर रुद्राणी मंजुनाथच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती, म्हणजे बसवली होती.

"आता?" आप्पांनी विचारलं.

"आता तेच परत, आजच. इथून पुढे माझ्या सांगण्याशिवाय एक दिवसही पुढे ढकलायचं नाही. पाठीला पट्टा. पडून राहायचं, हळूहळू उठवायचं. दुखणं कमी होईल. मणके पहिल्यासारखे उंच होणार नाहीत."

आप्पा बसूच्या दुकानात गेले. काउंटरवर चिठ्ठी ठेवली आणि उभे राहिले.

बसूने डबी काढली. "आप्पा, आता लई खाली आलाय बघा भाव. तुमी म्हणाला होता तसंच झालं." त्याने रक्कम सांगितली. आप्पा गप्प. त्यांनी डबीकडे बघितलं नाही, उपरण्यालाही हात लावला नाही. बसू अस्वस्थ झाला. इतक्या वर्षांत हा माणूस भाव ऐकून असा गप्प कधी उभा राहिला नव्हता. याला नक्की दुसऱ्या दुकानातला भाव कळलाय.

"बरं, शंभर कमी द्या."

आप्पा गप्प.

"आप्पा, मला काही सुटत न्हाय ओ ह्यात. बरं, दोनशे. आता मात्र माझ्या खरेदीच्या भावावर आलो."

आप्पांनी खिशातून पैसे काढले, न मोजता काउंटरवर ठेवले आणि डबी घेऊन बाहेर पडले. बसूने मागून हाक मारून उरलेले परत दिले, तेव्हा त्यांनी ते घेतले. पण कसे, तर रस्त्यात सापडलेल्या दुसऱ्याच्या पैशांसारखे. आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा तोंड न उघडता झाला आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

इंजेक्शन टोचून झालं. संध्याकाळी रुद्राणी गादीवर पडल्या पडल्या छताकडे बघत होती. आप्पा पायथ्याशी बसले.

"केवढ्याला मिळालं?" तिने विचारलं.

"छापील भावाला," आप्पा म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुतेक तिला बरं वाटावं म्हणून.

रुद्राणीने मान वळवली. जेवढी वळली तेवढी. चेहरा पांढराफटक.

"छापील? घासाघीस न करता?"

"व्हय."

"अहो, डॉक्टरांनी मला सांगितलं नाही ते तुम्हाला काय सांगितलंय?" तिने विचारलं. "खरं सांगा. किती दिवस हायेत माझे?"

"अगं तसं काही न्हाय..."

"मग छापील भाव का दिलात? बापाच्या समाधीला दिला नाहीत, पोरीच्या लग्नाला दिला नाहीत. मंजुनाथ! इकडं ये, बाळा. मैंदर्गीला माझ्या भावाला फोन कर."

मंजुनाथ धावत आला, श्रीदेवी आली, शेजारीण दारात येऊन उभी राहिली. शेवटी सगळ्यांसमोर आप्पांना कबूल करावं लागलं की छापील भाव दिलेला नाही, निम्म्याच्याही खूप खाली मिळालं आणि वर दोनशे सुटले. उरलेले पैसे खिशातून काढून दाखवले तेव्हा कुठे रुद्राणीचा जीव भांड्यात पडला.

"हां," ती म्हणाली. "मग जगते मी." आणि जरा वेळाने, डोळे मिटूनच, "माझ्या पाठीत तुम्ही किती कमावलेत, तेवढं एकदा सांगा."

शेजारीण पदर सावरत निघून गेली. आप्पांनी हातातले पैसे परत खिशात घातले.

पुढचे काही आठवडे घरात मुंगीच्या पावलाने गेले. पट्टा बांधून रुद्राणीला आधी कुशीवर, मग कडेला पाय सोडून, मग धरून उभं करायला लागले. उंची दोन बोटं कमी झाली होती. साडी नेसवताना श्रीदेवीच्या ते लक्षात आलं, तिने ते सांगितलं नाही. पूजा बंद होती. स्वामी स्वतः घरी येऊन म्हणाले, "अव्वा, पडून करा. भिंतीला टेका, खुर्चीत बसा. देव काही बघायला येत नाही." रुद्राणी म्हणाली, "देव बघत नसेल, मी बघते." डॉक्टरांनी थोडा वेळ बसायची परवानगी दिली त्या दिवशी तिने श्रीदेवीला पाट मांडायला सांगितला. सुनेने पाट भिंतीलगत मांडला. रुद्राणीने तो पुढे ओढायला लावला.

"अत्ती, भिंत नसेल तर कशाला टेकणार?" श्रीदेवीने विचारलं.

"भिंतीला टेकायचं नाही असं गुरूंनी सांगितलंय," रुद्राणी म्हणाली. "नवऱ्याबद्दल काही सांगितलेलं नाही. बोलव त्यांना."

आप्पा बाहेर निघाले होते. उपरणं खांद्यावर, पायात चप्पल. त्यांना परत बोलावून पाटाच्या मागे जमिनीवर बसवण्यात आलं, तोंड दाराकडे, पाठ बायकोच्या पाठीला. मांडी घालायची सवय मोडलेली, गुडघे कुरकुरले. रुद्राणीने सावकाश आपला भार मागे सोडला. तिचा पट्टा त्यांच्या पाठीत रुतत होता. तिने लिंग तळहातावर घेतलं, हात उचलला. तो पूर्वीइतका वर गेला नाही. जिथे गेला तिथे तिने धरला.

जरा वेळ गेला. आप्पांच्या पायाला मुंग्या आल्या. बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता आणि त्याचा आजचा भाव काय असेल, हे ऐकायला त्यांचे कान आपोआप टवकारले.

"किती वेळ लागंल?" त्यांनी हळूच विचारलं.

"अर्धा तास."

"डॉक्टर पाच मिनिटं म्हणाले होते. पंधरात मिटवू की."

"हलू नका," रुद्राणी म्हणाली. "दुखतंय मला."

वीरभद्रप्पा हलले नाहीत.